कॉन्टेसा घेताय? आधी खाली वाकून बघा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत.)

हातखंब्याहून बोलतोय. बाहेर पाऊस लागलाय आणि वर पत्र्याची शेड आहे, त्यामुळे मध्ये मध्ये ताशा वाजल्यासारखा आवाज येईल. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. दिवाळीनंतर मी एक हिंदुस्तान कॉन्टेसा घेतली, १९९१ची, पेट्रोल, इसुझू इंजिनवाली. तेव्हापासून तिठ्यावर चहा प्यायला उभा राहिलो तरी लोक विचारतात. किती पडली? पार्ट मिळतात का? अॅव्हरेज काय देते? आणि हळूच शेवटचा प्रश्न, 'आमच्या ओळखीत एक उभी आहे, घ्यावी का?' आज या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. एका वाक्यात सांगायचं तर कॉन्टेसात इंजिन विकत मिळतं, पत्रा मिळत नाही. त्यातून आपण राहतो कोकणात. म्हणून पैसा, वेळ आणि डोकं, तिन्ही आधी पत्र्यावर खर्च करायचं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता आधी ही गाडी काय आहे ते सांगतो, कारण नव्या पोरांनी ती फक्त रीलमध्ये पाहिलेली असते. तिथं तिला 'भारताची मसल कार' म्हणतात. दिसायला आहेच तशी. लांबलचक बॉनेट, रुंद नाक, मागच्या दाराजवळ वर उचललेली कंबर. पण खऱ्या अर्थानं मसल कार म्हणजे काय? १९६४ साली अमेरिकेत पॉन्टिअॅक जीटीओ आली. मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलेलं, ताकद ३२५ अश्वशक्ती. त्याच वर्षी फोर्ड मस्टँग आली. तिथून ते युग सुरू झालं. आपली कॉन्टेसा मूळची इंग्लंडची. व्हॉक्सहॉल कंपनीची व्हीएक्स नावाची गाडी १९७८मध्ये तिकडे बंद झाली आणि तिचाच साचा हिंदुस्तान मोटर्सनं घेतला. व्हॉक्सहॉलची मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे होती, म्हणून त्या इंग्लिश गाडीला अमेरिकन कंबर आहे. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा कारखान्यात १९८४पासून ती बनायला लागली.

आणि त्यात इंजिन घातलं कुठलं? अँबेसेडरचं! १,४८९ सीसी, ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. पैलवानाच्या अंगरख्यात शाळकरी पोरगं. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा 'कॉन्टेसा क्लासिक' झाली. ताकद ऐंशीच्या वर गेली. मारुती ८००च्या ७९६ सीसीच्या जमान्यात हे म्हणजे खूपच झालं. मंत्री, ठेकेदार, बागायतदार आणि हिंदी सिनेमातला खलनायक, सगळे तिच्यात बसले. २००२ साली ती बंद झाली. म्हणजे शेवटची कॉन्टेसासुद्धा आता वीस वर्षांच्या वरची आहे.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळं गणित त्यावर आहे. हेच इसुझू १.८ इंजिन पुढे अँबेसेडरमध्येही आलं आणि अँबेसेडर २०१४पर्यंत बनत होती. देशभर टॅक्सी म्हणून धावल्या त्या. म्हणून पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट, थोडं फिरलात तर मिळतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा, चोर बाजारात जा, काहीतरी हाताला लागतं. क्रँक घासायचा असेल, ब्लॉक बोअर करायचा असेल, तर आपल्याला कोल्हापूरचं उद्यमनगर आहे. तिथले लेथवाले नुसतं माप बघून काम करतात. पण दरवाजा, मागचा मडगार्ड, पुढची काच, टेललाइटचं भिंग, क्रोमच्या पट्ट्या, हे सगळं फक्त कॉन्टेसाचं आहे. दुसऱ्या कुठल्या गाडीचं बसत नाही आणि चोवीसेक वर्षांत कोणी बनवलेलं नाही. टेललाइट फुटला तर इंजिन फुटल्यापेक्षा जास्त पळापळ होते.

आता पत्र्याकडे येऊ.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की जीप डोळ्यासमोर येते. जीपला खाली वेगळी चेसिस असते, जाड लोखंडी शिडीसारखी. वरची बॉडी कुजली तरी चेसिस वजन धरून ठेवते. कॉन्टेसाला अशी वेगळी चेसिस नाही. तिची बॉडी हीच तिची चेसिस. जमिनीचा पत्रा, दाराखालून जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पोकळ पेट्या, ज्यांना आपले डेंटर 'सिल' म्हणतात, मधला बोगदा आणि छताचे खांब, हे सगळं मिळून वजन पेलतं. सिल कुजली म्हणजे रंग खराब झाला एवढंच नसतं. घराचा वासा वाळवीनं खाल्लाय असं समजा.

आणि आपलं हवामान? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. समुद्र जवळ, वारा खारा. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. त्यात मीठ पडलं की ते काम भराभर होतं. शिवाय आपली जांभ्याची लाल माती. दाराच्या आणि सिलच्या तळाला कंपनीनं बारीक भोकं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून. ही माती त्या भोकांत जाऊन बसते, सुकली की बूच तयार होतं. मग पाणी आतच राहतं आणि गाडी आतून कुजते. बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुसा! म्हणून सांगतो, जुनी गाडी घ्या अगर नको, पण घरच्या गाडीची ही भोकं वर्षातून दोनदा तारेनं साफ करा. फुकटचं काम आहे.

गाडी बघायला गेलो तेव्हा आमच्या इथले एक जुने मिस्त्री सोबत नेले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, उमेदीत अँबेसेडर आणि फियाट याच दोन गाड्यांवर हात बसलेला. मी बॉनेट उघडायला गेलो, तर म्हणाले, "बॉनेट नंतर. रंगाकडं काय बघतोस, खाली वाकून बघ." खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या कडेनं फिरवत निघाले. जिथं पत्रा आहे तिथं चुंबक ओढतं. जिथं खड्डा भरून लांबी थापलीय तिथं ते सुटून खाली येतं. मागच्या चाकाच्या कमानीवर आणि डाव्या सिलवर ते धरलंच नाही. मग गालिचा उचलायला लावला, डिक्कीतलं स्टेपनी काढायला लावलं, पुढच्या काचेच्या रबराखाली बोट फिरवलं. एक पानही इकडून तिकडे न वळवता गाडीचा सगळा इतिहास वाचून काढला.

तरी मी घेतली. छत शाबूत, चारही दारं शाबूत, काचा, टेललाइट आणि क्रोम जागच्या जागी. म्हणजे जे मिळत नाही ते सगळं होतं. जे गेलं होतं ते सपाट पत्र्यानं बनवता येण्यासारखं होतं. घ्यावी की नाही याचा हाच निकष लावा. कुजलेला भाग सपाट आहे की वळणाचा? सपाट असेल तर साधा डेंटरही तो बनवू शकतो. वळणाचा असेल तर दुसरी मेलेली कॉन्टेसा शोधावी लागते.

आता अडचण अशी होती की गाडीची नोंदणी यंदा जूनमध्ये संपत होती. याचा नियम समजून घ्या. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो. आणि ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारनं वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींची नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केलीय. वर राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट, ते सगळं वेगळं. तारीख हुकली की दंड चढत जातो.

तारीख डोक्यावर असली की सल्ले सुरू होतात. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, आठ दिवसांत लांबी भरून, खालून काळा अंडरकोट मारून देतो, तपासणीत कोणाला कळणार नाही. दर पण अर्ध्याहून कमी. खरं सांगायचं तर कळलंही नसतं. पण ती गाडी मी आंबा घाटातून नेणार होतो. मागच्या सीटवर आई बसणार होती आणि बहिणीची दोन पोरं. वळणावर सगळं वजन एका बाजूच्या सिलवर येतं. तिथं लोखंडाच्या जागी लांबी असेल तर? तपासणाऱ्याला कळलं नाही म्हणून गाडीला कळत नाही असं थोडंच आहे! मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "पास होणारी पायजे की चालणारी, ते तू ठरव. मी दोन्ही करून देईन, पण पयलीत मी बसणार नाय."

तर मग कापायचं ठरलं. हे काम कसं झालं ते जरा नीट सांगतो, कारण यातच लोकांच्या गाड्या वाकड्या होतात.

आधी बॅटरी काढली आणि पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर ठेवली. वेल्डिंगच्या आधी या दोन गोष्टी कुठल्याही परिस्थितीत करायच्याच. मग गाडी लेव्हलमध्ये उचलून मजबूत घोड्यांवर ठेवली. दाराच्या मोकळ्या जागेत आडवा पाइप तात्पुरता वेल्ड करून घेतला. हे का? तर सिल कापली की मधला आधार जातो, गाडी स्वतःच्या वजनानं मधून बसते आणि मग दार लागत नाही. दोन्ही बाजू एकदम कधीही कापायच्या नाहीत. डावी पूर्ण करायची, दार लावून बघायचं, फट सारखी आहे ना याची खात्री करायची आणि मगच उजवीला हात घालायचा. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत गेलो. दिसत होतं त्याच्या दुप्पट निघालं, आणि तसंच निघतं, तेवढी तयारी ठेवा. अठरा गेजचा पत्रा वाकवून नवीन पेट्या केल्या. गॅस वेल्डिंगनं पातळ पत्रा तापून लाटांसारखा होतो म्हणून मिग वेल्डिंग केलं, तेही एका दमात लांब रेघ न ओढता, इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ देऊन. जिथं पत्र्यावर पत्रा येतो तिथं आधी झिंक प्रायमर. सगळं झाल्यावर पेटीच्या आत पातळ मेण फवारलं, पोकळीत शेवटपर्यंत जाईल असं. आणि पाणी जायची भोकं परत पाडली. ही भोकं डेंटर हटकून विसरतो, उभं राहून पाडून घ्या.

त्याच वेळी पुढच्या सीटचे पट्टेही बसवले. या गाडीला तीन टोकांचे पट्टे नव्हते. नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारला तर धक्क्यात तो पत्र्यासकट निघून येतो. म्हणून मागून जाड पट्टी वेल्ड करून त्यात नट बसवला. एअरबॅग नाही, एबीएस नाही, हे मान्य करूनच ही गाडी चालवायची असते. निदान जे करता येतं ते तरी करायचं.

पत्र्यानंतर ब्रेक. माझ्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत. मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबरं, रबरी पाइप, सगळं नवीन टाकलं. चालू दिसत असलं तरी. जुना रबरी ब्रेक पाइप आतून फुगतो. पाय दाबला की ऑइल जातं, पण परत येत नाही, आणि चाक पकडून बसतं. आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल शोषली की त्याचा उकळबिंदू खाली येतो. घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइल उकळलं, आत वाफ झाली, की पाय सरळ फळीपर्यंत जातो. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांच्या वर ते ऑइल ठेवू नका, नवी गाडी असली तरीसुद्धा. टायरचंही तसंच. नक्षी बघून टायर चांगला म्हणू नका, बाजूला चार आकडे असतात ते वाचा. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीच्या टायरांना नक्षी होती, पण वय झालं होतं. बदलले.

मग रेडिएटर. खोलून रॉडिंग केलं, म्हणजे आतल्या नळ्या सळईनं साफ केल्या. थर्मोस्टॅट नव्हताच. गाडी तापते म्हणून कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला. हा आपल्याकडचा जुना रोग. थर्मोस्टॅट काढला की इंजिन हवं तेवढं गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि चोंदलेला रेडिएटर मात्र तसाच राहतो. नवीन बसवला, पट्टा बदलला, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट घातलं. विहिरीच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात.

आता पेट्रोलचा प्रश्न, कारण जुन्या गाड्यावाले सगळे याच काळजीत आहेत. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागे साधारण सहा-सात टक्क्यांचा फरक हिशोबानंच पडतो. त्याला इलाज नाही. पण दोन गोष्टींना इलाज आहे. एक, जुन्या रबराला इथेनॉल चालत नाही. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची किट, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घ्या. जुना पाइप मऊ होऊन गरम इंजिनवर ठिबकायला लागला तर काय होईल ते सांगायला नको. दोन, इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी दोन महिने उभी ठेवलीत की टाकी आतून गंजलीच म्हणून समजा. टाकी भरून ठेवा आणि आठवड्याला किमान पंधरा किलोमीटर तरी चालवा. मी हातखंबा ते निवळी आणि परत, असे फेरे मारतो. शेजाऱ्यांना वाटतं याला काम नाही. हेच तर काम आहे!

वायरिंगचं एकच सांगतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून जातो. बटण तापतं आणि उजेड पिवळा पडतो. रिले बसवून घ्या आणि प्रत्येक सर्किटला फ्यूज. थोडक्या पैशांत रात्री रस्ता दिसायला लागतो आणि आग लागायची भीती कमी होते.

आणि इंजिन? इतका वेळ त्याचं नाव नाही काढलं, कारण त्याला फार काही करावं लागलं नाही. कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. टॅपेट, प्लग, टायमिंग, कार्ब्युरेटर साफ, ऑइल सील. बस्स.

पण तरुण मंडळी विचारतात, मोठं इंजिन का नाही टाकत? कॉन्टेसात जपानी सहा सिलिंडर टर्बो बसवलेले व्हिडिओ मीही बघितलेत. दिसायला भारी. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग आरसीवर नोंद. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. कायदा जरा बाजूला ठेवला तरी ताकद तिप्पट केली की ब्रेक, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि तो पत्रा, सगळं तिप्पट लागतं. ज्यांच्याकडे तेवढा खिसा आणि तेवढा मिस्त्री आहे त्यांनी रीतसर करावं. मला जी गाडी उत्तरपाड्यात बनली तीच हवी होती.

आणखी एक गैरसमज. 'विंटेजमध्ये नोंदवून टाक, कटकट मिटेल,' असं सांगणारे भेटतात. जुलै २०२१च्या नियमानुसार विंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी फी २०,००० रुपये आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. कॉन्टेसा १९८४ची. म्हणजे सगळ्यात जुनीसुद्धा २०३४पर्यंत त्यात बसत नाही. तोवर आपल्याला दर पाच वर्षांचा फेरा आहे.

आता खर्च. आकडा सांगत नाही, कारण प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. पण वहीतलं प्रमाण सांगतो. गाडीच्या किमतीइतकाच खर्च दुरुस्तीला आला. त्यातल्या शंभर रुपयांत साधारण चाळीस पत्र्याला गेले, वीस ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनच्या बुशांना, पंधरा रंगाला, दहा वायरिंगला, आणि इंजिन, रेडिएटर, पेट्रोलचे पाइप धरून पंधरा. रंग सगळ्यात शेवटी, फेब्रुवारीत. कोरड्या हवेत. पावसाळ्यात रंग मारलात तर हवेतली ओल त्यात अडकते आणि तो पांढरट पडतो. सीटचे कापड अजून जुनंच आहे, रेडिओ बंद आहे. चालतंय.

मे महिन्यात तपासणी झाली. आणि पास झाली. तपासणाऱ्या साहेबांनी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात सिल बघितली, वेल्डिंगवर बोट फिरवलं आणि विचारलं, "कोणी केलं हे काम?" मिस्त्रींचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे मिस्त्रींच्या कानावर घातलं तर ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले.

मग आम्ही आंबा घाटात गेलो. सकाळी सहाला निघालो. पाली, नाणीज, साखरपा आणि मग चढ. माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे वळणावर खांदे वापरावे लागतात. बॉनेट इतकं लांब आहे की वळणाच्या आधी नाक वळतं आणि मग आपण. मागची चाकं ढकलतात हे पाठीला कळतं. आताच्या गाडीत ऐंशीला पण काही वाटत नाही, हिच्यात पन्नासला वाटतं की आपण गाडी चालवतोय. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. पाय फक्त वळणाच्या आधी. वर पोचलो तेव्हा तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली होता. आई मागून म्हणाली, "सोफ्यावर बसून आल्यासारखं वाटलं." पोरं खिडकीची काच हातानं फिरवून वर-खाली करत होती. त्यांना ते यंत्रच नवीन!

आनंद म्हणजे नेमका काय असतो ते सांगतो. ही गाडी घेऊन तिठ्यावर उभं राहिलं की मुंबईचा, गोव्याचा, कोल्हापूरचा माणूस थांबतो. आणि कोणी गाडीबद्दल बोलत नाही हो. कोणी सांगतो, वडील अशाच गाडीवर ड्रायव्हर होते. कोणी सांगतं, लग्नात नवरी हिच्यातून आली होती. एसटीचे एक निवृत्त चालक नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून पाच मिनिटं बसले आणि उतरून निघून गेले.

आता जाता जाता एक काम सांगतो. गाड्या अजून निघतील. कुठल्या आंब्याच्या बागेत, कुठल्या वाड्याच्या पडवीत कॉन्टेसा, फियाट, अँबेसेडर उभ्या आहेत. पण चुंबक फिरवून पत्रा वाचणारी, कानानं टायमिंग लावणारी माणसं सत्तरीच्या पुढे गेलीत. आमच्या मिस्त्रींकडे शिकायला कोणी नाही. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, सुखात आहे, त्यात वाईट काही नाही. म्हणून मी या कामाचे सगळे व्हिडिओ काढून ठेवलेत, त्यांच्या आवाजात. तुमच्या गावात असा कोणी मिस्त्री असेल तर गाडी घ्यायच्या आधी त्याच्याकडे जाऊन बसा. दोन-चार रविवार नुसते बसा, पाने द्या, हात काळे करा. त्यानं 'घे' म्हटलं तर घ्या.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात कार्ब्युरेटर उघडून बसू. आणि हो, पावसाळा आहे, आज उद्या वेळ काढून दाराखालची भोकं तेवढी साफ करा.

सावकाश चालवा.